दिव्यांग मुलांच्या मानसोपचारात ‘फरक पडतोय’ हे कशावरून ठरवायचं?

पन्हाळवारा (धागाकर्ती)

कोल्हापूर आणि आसपासच्या विशेष शाळा, थेरपी सेंटर, समुपदेशन केंद्रं इथं काम करणाऱ्यांसाठी आणि पालकांसाठी हा धागा काढतेय. विषय नेमका ठेवूया. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, कर्णबधिरता किंवा दृष्टिहीनता असलेल्या ज्या मुलांना त्याखेरीज चिंता, उदासी, झोपेचा त्रास, स्वतःला मारून घेणं असे मानसिक प्रश्न आहेत, त्यांच्या उपचाराला गुण येतोय का हे मोजायचं कसं?

सर्वसाधारण रिवाज असा दिसतो: पहिल्या भेटीला एक प्रश्नावली भरून घ्यायची, फाईलला लावायची, सहा महिन्यांनी पुन्हा तीच. दोन्ही वेळचा आकडा जागचा हललेला नसतो. पालकांना विचारावं तर ‘बरं हाय की’ एवढंच उत्तर. मुलाला तर बहुतेक कुणी विचारतच नाही.

मला हवंय ते असं: कोणती मोजपट्टी कशासाठी, ती या मुलांवर कुठं फसते, न बोलणाऱ्या मुलाचं मत कसं घ्यायचं, आणि आलेल्या आकड्याचं पुढच्या सत्रात करायचं काय. अनुभवकथन नको, पद्धत सांगा.

मोजपट्टी

चांगला धागा. पहिला घोळ आधी निस्तरूया, कारण निम्मी गडबड तिथंच होते. प्रमाणपत्रासाठी वापरायची साधनं आणि बदल मोजायची साधनं वेगळी असतात.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वमग्नतेत आयएसएए (स्वमग्नता किती आहे ते मोजायची भारतीय पट्टी) वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ४० ते २००. ७० च्या खाली स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. हे साधन ‘किती आहे’ हे सांगायला केलेलं आहे. चार महिन्यांच्या समुपदेशनानं मुलाची भीती कमी झाली तरी आयएसएएचा आकडा फारसा हलणार नाही, आणि हलावा अशी अपेक्षाही चूक. आपण भीतीवर काम केलं, स्वमग्नतेवर नाही.

तीच गत सामाजिक गुणांकाची. व्हाइनलँड या सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीच्या, मालिन यांनी केलेल्या नागपूर आवृत्तीत सामाजिक वय भागिले खरं वय गुणिले १०० असा हिशेब असतो. समजा मूल ५ वर्षांचं, सामाजिक वय अडीच वर्षं, गुणांक ५०. दोन वर्षांनी सामाजिक वय सव्वातीन झालं. म्हणजे मूल नऊ महिन्यांची कौशल्यं नव्यानं शिकलं. पण ३.२५ भागिले ७ केलं की गुणांक येतो ४६. आईवडिलांना रिपोर्टमध्ये फक्त ‘५० वरून ४६’ दिसतं आणि घरात सुतक पडतं. हा आकडा त्यांच्या हातात देताना सामाजिक वयाचे दोन्ही आकडे शेजारी लिहिलेच पाहिजेत.

बदल मोजायला तीन वेगवेगळ्या गोष्टी लागतात: एक लक्षणांची प्रश्नावली, एक त्या मुलाचं स्वतःचं उद्दिष्ट, आणि एक सत्राबद्दलचं मत. तिन्ही मिळून पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नयेत.

आठवडी_बाजार

विशेष शिक्षकाच्या बाजूनं: आपल्या शाळांत सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेवरच्या राष्ट्रीय संस्थेची बीएएसआयसी-एमआर ही मूल्यमापनाची यादी बऱ्याच जणांच्या हाताखालची आहे. भाग ‘अ’ कौशल्यांचा, ७ क्षेत्रं, प्रत्येकी ४० असे २८० मुद्दे. भाग ‘ब’ समस्या-वर्तनांचा, ७५ मुद्दे, कधीच नाही ०, कधीकधी १, वारंवार २, म्हणजे कमाल १५०. मानसोपचारासाठी भाग ‘ब’ कामाचा.

पण त्याची एक अडचण ध्यानात ठेवा. एखादं मूल दिवसाला ४० वेळा डोकं आपटत होतं, ते आता १० वेळा आपटतं. दोन्ही वेळा उत्तर ‘वारंवार’, गुण २. तीस वेळांचा फरक कागदावर शून्य. म्हणून ज्या वर्तनावर काम चाललंय ते प्रत्यक्ष मोजायचं, फॉर्मवर सोडायचं नाही.

मोजायची रीत अशी. वर्तनाची व्याख्या आधी एका ओळीत लिहा. ‘आक्रमक होतो’ ही व्याख्या नव्हे. ‘उघड्या तळव्यानं किंवा मुठीनं दुसऱ्याच्या अंगाला मारतो, हुकलेला फटकाही धरायचा’ ही व्याख्या. उपचार सुरू करण्याआधी शाळेचे किमान पाच दिवस नुसतं मोजा, काही बदलू नका. बाईंना वर्गात लिहीत बसायला वेळ नसतो, म्हणून डाव्या खिशात घेवड्याचे दाणे ठेवायचे आणि दर वेळी एक उजव्या खिशात टाकायचा. सुट्टीत दाणे मोजून आकडा लिहायचा. किती तास मोजलं तेही लिहा, नाहीतर अर्ध्या दिवसाच्या शाळेचा शनिवार उगाच चांगला दिसतो. दिवसाला किती याऐवजी तासाला किती असा दर काढा.

हात हलवणं, ओरडणं यांसारखं सलग चालणारं वर्तन मोजता येत नाही, तिथं १० मिनिटांचे १५ सेकंदांचे ४० तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यात दिसलं की नाही एवढंच टिपा. आठवड्यातून एकदा दुसऱ्या कुणीतरी त्याच वेळी वेगळं बसून टिपावं. ४० पैकी ३४ तुकड्यांत दोघांचं जुळलं तर ८५ टक्के. ८० च्या खाली गेलं तर मुलाला काही झालेलं नसतं, व्याख्या ढिली असते.

मोजपट्टी

आठवडी_बाजार सरांशी पूर्ण सहमत. आता लक्षणांच्या प्रश्नावलीबद्दल, कारण एसडीक्यू (मुलांची बलस्थानं आणि अडचणी विचारणारी प्रश्नावली) सगळीकडे वापरली जाते.

रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली मांडलेली ही २५ वाक्यांची प्रश्नावली. पाच गट: भावनिक त्रास, वर्तन, अतिचंचलता, सवंगड्यांशी संबंध, आणि मदतीची वृत्ती. प्रत्येक वाक्याला ०, १, २. पहिल्या चार गटांची बेरीज ० ते ४०, मदतीचा गट त्यात धरत नाहीत. मूळ तीन पट्ट्यांच्या हिशेबानं पालकांच्या आवृत्तीत १३ पर्यंत सर्वसाधारण, १४ ते १६ सीमेवर, १७ पासून वर त्रास ठळक. शिक्षकांच्या आवृत्तीत हेच ११, १२ ते १५ आणि १६. पालकांचा तक्ता शिक्षकांच्या फॉर्मला लावला की निष्कर्ष चुकतो, आणि हे नेहमी घडतं. पाच वाक्यांचे गुण उलटे मोजायचे असतात (सांगितलेलं ऐकतो, विचार करून वागतो, हातातलं काम पूर्ण करतो, एक तरी चांगला मित्र आहे, इतर मुलांना आवडतो). हाताने बेरीज करताना हे विसरलं तर सगळाच हिशेब बिघडतो.

दुसऱ्यांदा भरताना पाठपुराव्याची आवृत्ती घ्या. पहिल्या आवृत्तीत गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारलेलं असतं, पाठपुराव्यात गेल्या एका महिन्याबद्दल. तीन महिन्यांच्या उपचारानंतर पुन्हा सहा महिन्यांचा फॉर्म भरून घेतला तर उपचाराआधीचे तीन महिने त्यात येतात आणि सुधारणा झाकली जाते. आकडा न हलण्याचं हे एक अगदी साधं कारण असतं.

आता दिव्यांग मुलांवर ती कुठं फसते ते वाक्यागणिक बघा.

‘डोकं, पोट दुखतं म्हणून तक्रार करतो’. न बोलणाऱ्या मुलाला इथं ० मिळतो. पोट दुखत असलं तरी.

‘सारखी चुळबुळ करतो’. हातापायांच्या अनैच्छिक हालचाली असलेल्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला इथं २ मिळतात आणि तो अतिचंचल ठरतो.

‘एकटा एकटा खेळतो’. व्हीलचेअर मैदानात जात नसेल तर उत्तर मैदानाबद्दल आहे, मुलाच्या मनाबद्दल नाही. कर्णबधिर मुलाच्या गल्लीत कुणालाच खुणा येत नसतील तर तिथंही तेच.

‘विचार करून वागतो’. दहा वर्षांच्या मुलाची समज तीन वर्षांच्या पोरासारखी असेल तर पालक दहाच्या हिशेबानं उत्तर देतात, शिक्षक वर्गातल्या इतर मुलांच्या हिशेबानं. दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि दोघंही बरोबर असतात.

यावर उपाय म्हणून वाक्यं बदलायची नाहीत. वाक्य बदललं की ती एसडीक्यू राहत नाही, आणि परवानगीही नाही. कागदी प्रत जशीच्या तशी ना-नफा कामासाठी वापरता येते, पण तिचा गुगल फॉर्म करायला परवाना लागतो. करायचं ते हे: फॉर्म जसाच्या तसा भरून घ्यायचा, आणि जी वाक्यं अपंगत्वामुळे वर गेली असं वाटतं त्यांच्यापुढं पेन्सिलीनं खूण करायची. पुढच्या वेळी बेरजेबरोबर खूण नसलेली वाक्यं वेगळी बघायची.

मध्यम ते तीव्र बौद्धिक अक्षमता असेल तर एसडीक्यूचा नाद सोडून या मुलांसाठीच बनवलेलं साधन घ्यावं. डीबीसी (विकासात अडचण असलेल्या मुलांच्या वर्तनाची यादी) पालकांसाठी ९६ वाक्यांची, वय ४ ते १८. एबीसी (त्रासदायक वर्तनांची यादी) ५८ वाक्यांची, ० ते ३ गुण: चिडचिड १५, अलिप्तपणा १६, पुनरावर्ती हालचाली ७, चंचलता १६, विसंगत बोलणं ४. एबीसीत पाच गटांची एकत्र बेरीज करायची नसते. गटागटानंच वाचायची.

निळी_छत्री

पालक म्हणून विचारते. मूल बोलत नाही, चिडतं, हाताला चावून घेतं. शाळेत म्हणतात वर्तनसमस्या, ओपीडीत म्हणतात अशा मुलांत हे असतंच. मग मोजणार तरी काय?

मोजपट्टी

निळी_छत्री ताई, ‘अशा मुलांत असतंच’ या वाक्यापुढं तपास थांबतो, ही फार जुनी आणि फार महागात पडणारी चूक आहे. मूळ अपंगत्वाच्या सावलीत दुसरा आजार दडतो. वर्तनाचा फॉर्म भरण्याआधी दुखणं मोजा.

न बोलणाऱ्या ३ ते १८ वयाच्या मुलांसाठी दुखण्याची ३० मुद्द्यांची यादी आहे, एनसीसीपीसी-आर. दोन तास मुलाकडं लक्ष ठेवायचं आणि प्रत्येक मुद्द्याला ० ते ३ द्यायचे. आवाज, चेहरा, हालचाल, अंगाचा ताठरपणा, खाणं, झोप असं सगळं त्यात आहे. एकूण ७ किंवा जास्त आले तर दुखतंय असं धरून डॉक्टरकडं जायचं. घाईच्या ओपीडीत सुधारित एफएलएसीसी ही दुखण्याची छोटी पट्टी चालते: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत घातल्यावर शांत होणं, प्रत्येकी ० ते २, एकूण १०. तिची खुबी अशी की पालकांनी आपल्या मुलाची दुखण्याची खास खूण आधीच त्यात लिहून ठेवायची असते.

बघायच्या गोष्टी: किडलेली दाढ, कानाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, जळजळ, कंबरेचा सांधा, तोकडा झालेला बूट किंवा कॅलिपर. मुलींमध्ये मासिक पाळीच्या तारखा. आणि औषधं. फिट्ससाठी लेव्हेटिरासिटॅम सुरू झाल्यावर काही मुलं चिडकी होतात. औषध सुरू झाल्याची आणि मात्रा बदलल्याची तारीख आलेखावर उभी रेघ मारून लिहाच. गोळी मात्र मनानं बंद करू नका, ती रेघ डॉक्टरांना दाखवा.

गंगावेस

उद्दिष्टांवर लिहितो, कारण माझ्या मते या मुलांच्या बाबतीत सगळ्यात भरवशाचं मोजमाप तेच. प्रश्नावली सगळ्यांना सारखी असते, उद्दिष्ट त्या एका मुलाचं असतं.

पद्धत सोपी आहे. जास्तीत जास्त तीन उद्दिष्टं. प्रत्येकाला ० ते १०, ० म्हणजे काहीच साधलं नाही, १० म्हणजे पूर्ण साधलं. पहिल्या दिवशी आकडा घ्यायचा, मग दर भेटीला. अवघड जातं ते उद्दिष्ट लिहिणं. ‘चिडचिड कमी व्हावी’, ‘सुधारणा व्हावी’, ‘नॉर्मल व्हावा’ यांतलं काहीच मोजता येत नाही. पालकांना असं विचारा: ‘फरक पडला तर मंगळवारी सकाळी घरात काय वेगळं दिसंल?’ मग उत्तर येतं, ‘व्हॅन आली की न रडता चढंल.’ हे उद्दिष्ट झालं. त्यांच्याच शब्दांत लिहा, पुस्तकी भाषेत वळवू नका. पुढच्या महिन्यात तेच शब्द वाचून दाखवायचे असतात.

एकेक आकड्याचा अर्थही ठरवून ठेवावा, नाहीतर आई आज ४ देते आणि उद्या बाबा ७ देतात. तिथं पाच पायऱ्यांची रीत बरी पडते, ती किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ साली मांडली. वरच्याच उदाहरणात:

−२ (सध्याची स्थिती): आठवड्यातल्या सहाही सकाळी रडतो, उचलून बसवावं लागतं.
−१: रडतो, पण हात धरल्यावर स्वतः चढतो.
० (तीन महिन्यांत अपेक्षित): सहापैकी चार दिवस न रडता, हात धरून.
+१: सहापैकी चार दिवस न रडता, हात न धरता.
+२: सहाही दिवस.

पायऱ्यांमध्ये एका वेळी दोन-तीन गोष्टी बदलू नयेत. रडणं, हात धरणं आणि वेळेवर तयार होणं हे तिन्ही एकत्र आलं तर मूल कुठल्या पायरीवर आहे ते सांगता येत नाही.

आणखी एक. आईचं उद्दिष्ट आणि मुलाचं उद्दिष्ट वेगळं असेल तर दोन्ही वेगवेगळ्या ओळीत लिहा. आईला हवंय की त्यानं लग्नाकार्यात शांत बसावं. पोराला हवंय की लग्नाकार्याला न्यायचंच नाही. दोन्हींची सरासरी काढून काहीही हाती लागत नाही, पण शेजारी शेजारी लिहिलं की उपचार कशावर करायचा हे स्पष्ट होतं.

हातखुणा

मुलाच्या स्वतःच्या मताबद्दल आतापर्यंत कुणी लिहिलं नाही म्हणून.

तीन चेहऱ्यांची पट्टी समोर धरून ‘कोणता?’ विचारलं आणि मुलानं हसरा दाखवला, म्हणजे मत घेतलं असं होत नाही. आधी खात्री करायची. पायरी एक: लहान, मध्यम, मोठी अशा तीन वाट्या ठेवून ‘सगळ्यात मोठी कुठली?’ पायरी दोन: तीन वाट्या आणि चित्रातले पाण्याचे तीन ग्लास जुळवून घ्या. पायरी तीन: ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं विचारा. मुलाला नावडणारी भाजी आणि आवडती वस्तू दाखवून चेहरा निवडायला सांगा. तीन टप्पे नीट पार पडले तर तीन चेहरे वापरा. दुसऱ्यावर अडलं तर दोनच ठेवा. पहिल्यावरच अडलं तर पट्टी बाजूला ठेवून निरीक्षणावर या. पाच किंवा सात चेहऱ्यांची पट्टी बौद्धिक अक्षमता असलेल्या बहुतेक मुलांना झेपत नाही.

बौद्धिक अक्षमता असलेली मुलं ‘हो’ म्हणण्याकडं झुकतात, कारण ‘हो’ म्हटलं की मोठी माणसं खूश होतात हे ती शिकलेली असतात. शेवटचा पर्याय उचलण्याचीही सवय असते. म्हणून दहा मिनिटांनी तोच प्रश्न उलटा विचारा: आधी ‘शाळेत जायला आवडतं का?’, मग ‘शाळेत जायचा कंटाळा येतो का?’ दोन्हींना ‘हो’ आलं तर ते उत्तर आकड्यात धरू नका. चेहऱ्यांची जागाही अदलाबदल करा.

दृष्टिहीन मुलासाठी चेहऱ्यांची पट्टी निरुपयोगी. दहा खाचांची लाकडी पट्टी आणि एक मणी द्या. मणी कुठवर सरकवला ते बोटांनी कळतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा हात नेमका पोचत नसेल तर दोन चित्रं दोन टोकांना धरा, मध्ये किमान फूटभर अंतर, आणि नजर कुठं थांबते ते बघा. पाच सेकंद थांबा. घाई केली की आपल्यालाच हवं ते उत्तर आपण वाचतो.

कर्णबधिर मुलाला मराठी फॉर्म वाचायला देऊ नका. खुणांची भाषा ही त्याची पहिली भाषा असेल तर लिखित मराठी त्याची दुसरी भाषा आहे, आणि ‘अस्वस्थ’, ‘हुरहुर’ असे शब्द वाक्यात आले की तो अंदाजानं खूण करतो. भारतीय सांकेतिक भाषा येणारा माणूस हवा, पण तो आई किंवा वर्गशिक्षक नको. आईबद्दलचं मत आईच्या हातांतून कसं निघेल?

निळी_छत्री

हातखुणा, हे फार उपयोगी. वाट्यांची चाचणी घरी करून बघता येईल. सत्राबद्दलचं मत म्हणजे काय ते कुणी सांगाल का? थेरपिस्टना तोंडावर कसं सांगायचं की जमत नाहीये?

गंगावेस

त्यासाठीच चार रेघांची पट्टी असते, एसआरएस. प्रत्येक रेघ १० सेंटिमीटरची, एकूण ४०. माझं ऐकून घेतलं का, मला महत्त्वाचं वाटतं त्यावर बोललो का, पद्धत पटली का, एकूण कसं वाटलं. पालक रेघेवर खूण करतात, आपण पट्टीनं सेंटिमीटर मोजतो. ३६ च्या खाली आलं तर सत्र संपण्याआधी त्यावर बोलायचं. लहान मुलांसाठी चेहऱ्यांची आवृत्ती आहे. तिची जोडीदार पट्टी ओआरएस, म्हणजे सध्या कसं चाललंय ते विचारणारी, सत्राच्या सुरुवातीला: मी, घर, शाळा, एकूण. तिथं ६ ते १२ वर्षांच्या मुलाचा स्वतःचा आकडा ३२ च्या खाली असला तर त्रास आहे असं धरतात, १३ ते १७ ला २८.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. पालक चाळीसपैकी चाळीस देतात. ‘एवढं करतात, त्यांना वाईट कशाला वाटू द्यायचं’ हा भाव असतो, त्यात लांबून आलेले असतात, पुढची वेळ मिळायला हवी असते. म्हणून चार गोष्टी पाळा. फॉर्म थेरपिस्टनं हातात द्यायचा नाही, बाहेरच्या खोलीत दुसऱ्या कुणीतरी द्यायचा. ‘कसं वाटलं?’ ऐवजी ‘आज यातलं कुठलं एक कमी करावं?’ असं विचारायचं. कमी आकडा आला की आधी आभार मानायचे, खुलासा द्यायचा नाही. आणि पुढच्या भेटीला पहिलं वाक्य ‘गेल्या वेळी तुम्ही म्हणालात म्हणून आज वेळ बदललीय’ असं काहीतरी असायला हवं. एकदा सांगितल्यावर खरंच बदल होतो हे दिसलं की तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून खरे आकडे यायला लागतात.

आठवडी_बाजार

इथं थोडा विरोध नोंदवतो. चाळीस मुलं, तीन शिक्षक. प्रत्येकाचे तीन फॉर्म दर आठवड्याला अशक्य आहे. आणि जे अशक्य असतं ते महिनाअखेरीस एका बैठकीत बसून अंदाजानं भरलं जातं. असा कागद नसलेला बरा.

मोजपट्टी

रास्त मुद्दा. दर आठवड्याला फक्त उद्दिष्टाचा आकडा आणि चार रेघा, मिळून तीन मिनिटं. मोठी प्रश्नावली सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि शेवटी. दाण्यांची मोजणी सगळ्यांसाठी नाही, ज्या मुलात इजा होण्याचा धोका आहे त्याच्यासाठीच. चंदगड, गगनबावड्याकडून येणाऱ्यांना दर आठवड्याला बोलावू नका, ठरलेल्या वारी फोन करून तीन आकडे विचारा. चंदगड कोल्हापूरहून शंभर किलोमीटरच्या वर आहे, तीन आकड्यांसाठी त्या माणसाची दिवसाची मजुरी बुडवायची नाही.

आणि पुरावा काय म्हणतो तेही प्रामाणिकपणे सांगतो. मोठ्या माणसांच्या मानसोपचारात, ज्यांची गाडी रुळावरून घसरत असते त्यांना अशा नोंदींचा फायदा दिसलाय. मुलांच्या बाबतीत २०१८ च्या कोक्रेन (वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था) आढाव्यानं उपलब्ध अभ्यास पाहून ठाम निष्कर्ष काढता येत नाही असं म्हटलं. म्हणून फॉर्म भरल्यानं मूल बरं होतं असं कुणाला सांगू नका. फॉर्म हा इशारा देतो, काम थेरपिस्टनं बदलायचं असतं. चार भेटींत उद्दिष्टाचा आकडा हलला नाही तर पद्धत, उद्दिष्ट किंवा निदान यांपैकी एक तपासायचं, हा नियम भिंतीवर लावा.

पन्हाळवारा

आकडा किती हलला म्हणजे खरा बदल धरायचा? १८ चा १५ झाला तर पालकांना सांगायचं का?

मोजपट्टी

थेट उत्तर: एकट्या त्या आकड्यावर नाही. प्रश्नावलीत नुसत्या चुकीनंही आकडा वरखाली होतो. जेकबसन आणि ट्रुअक्स यांचा १९९१ चा हिशेब उदाहरणानं दाखवतो. समजा एखाद्या प्रश्नावलीचं प्रमाण विचलन (मुलामुलांचे गुण किती पसरलेत) ६ आणि विश्वासार्हता (पुन्हा मोजलं तर किती जुळतं) ०.८ आहे. १ मधून ०.८ वजा, ०.२. त्याचं वर्गमूळ ०.४४७. गुणिले ६, २.६८. दोन वेळा मोजलंय म्हणून गुणिले १.४१, ३.७९. ९५ टक्के खात्रीसाठी गुणिले १.९६, साधारण ७.४. म्हणजे त्या साधनावर ८ गुणांचा फरक पडला तरच खात्रीनं ‘बदललं’ म्हणता येतं. ३ चा फरक हवेतला असू शकतो. उद्दिष्टांच्या ० ते १० पट्टीवर सरासरी २.४५ पेक्षा जास्त फरक भरवशाचा धरतात, म्हणजे व्यवहारात ३.

दुसरा सापळा: माणूस ओपीडीत येतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर काहीही केलं नाही तरी आकडा थोडा खाली येतोच. म्हणूनच आठवडी_बाजार सरांचे पाच दिवस आधीचे आकडे मोलाचे.

गंगावेस

यात आपल्याकडचं कॅलेंडर जोडा, नाहीतर आलेख वाचताच येत नाही. गणपतीत डॉल्बीच्या दिवसांत आवाज न सोसणाऱ्या मुलांचे आकडे चढतात. तेव्हा ‘उपचार फसला’ लिहू नका, त्या दहा दिवसांवर वेगळी पट्टी रंगवा. गळीत हंगाम सुरू झाला की ऊस वाहतुकीवरचे वडील रात्रभर बाहेर, झोपायची वेळ बदलते, तो बदल नोव्हेंबरपासून दिसतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत घरी पाहुणे. मे महिन्यात शाळा बंद, शिक्षकांचा फॉर्मच नाही. आणि पूर. २०१९ चा ऑगस्ट, २०२१ चा जुलै, करवीर-शिरोळची घरं रिकामी करावी लागली होती. अशा वेळी मोजमाप थांबवायचं आणि स्थलांतरानंतर नव्यानं पाच दिवसांचा पाया घ्यायचा. जुन्या पायाशी तुलना अन्यायाची होते.

पाठपुराव्याच्या तारखा ठरवतानाच हे धरा. जूनमध्ये सुरू केलेल्या मुलाचा तीन महिन्यांचा फॉर्म बरोब्बर गणपतीच्या आसपास पडतो. तो पंधरा दिवस पुढं ढकला.

हातखुणा

नोंदींच्या गुप्ततेबद्दल दोन ओळी. भरलेल्या फॉर्मचे फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाताना दिसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुप्ततेचा हक्क दिलाय, तो मुलांनाही आहे. फॉर्मवर नावाऐवजी क्रमांक, क्रमांक आणि नावाची वही वेगळ्या कपाटात. निरीक्षणाचा व्हिडिओ घेतला तर मोजणी झाल्यावर पुसायचा, हे पालकांना आधी लिहून द्यायचं. देणगीदारांच्या अहवालात एका मुलाचा आलेख टाकायचा नाही. ‘तालुका, वय, अपंगत्व’ एवढं लिहिलं तरी गावात मूल ओळखू येतं.

संस्थाचालकांनाही विनंती, या आकड्यांवर शिक्षकांची तुलना करू नका. ज्या बाईंकडं सगळ्यात अवघड मुलं, त्यांचेच आकडे कमी हलतात. तुलना सुरू झाली की पुढच्या महिन्यात सगळ्यांचे आकडे सुंदर येतात आणि एकही खरा नसतो.

पन्हाळवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा एक प्रश्न, जो सारखा येतो. शाळेचा आकडा उतरला, घरचा चढला. कुणाचा धरायचा?

आठवडी_बाजार

दोन्ही धरायचे, आणि दोन्हींमधला फरक हीच माहिती समजायची. एका कागदावर घरी आणि शाळेत दिवसाचे तास आखा, कोणत्या तासाला काय घडतं ते आठवडाभर टिपा. त्या वर्तनाआधी लगेच काय झालं आणि नंतर लगेच काय मिळालं, एवढ्या दोनच रकान्यांत. बऱ्याचदा असं दिसतं की शाळेत चित्रांचं वेळापत्रक लावलंय आणि घरी नाही. किंवा मूल शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरतं आणि घरी पोचल्यावर संध्याकाळी साडेपाच ते सात सगळं बाहेर पडतं. पहिल्यात चित्रं घरी लावायची. दुसऱ्यात शाळेतला ताण कमी करायचा, शाळेचा आकडा कितीही छान दिसत असला तरी.

निळी_छत्री

साडेपाच ते सात. नेमकी हीच वेळ. उद्यापासून दोन रकान्यांचा कागद सुरू करते, आठवड्यानं इथंच टाकते. नाव-क्रमांक न लिहिता.